बंद वलय, उघडं वलय

नवीन पनवेलच्या कुठल्याही सोसायटीत चौकशी केली तर ‘क्यूसी’त नोकरीला असलेला एखादा मुलगा किंवा मुलगी सापडतेच. क्यूसी म्हणजे क्वालिटी कंट्रोल. खांदा कॉलनीतल्या चांगू काना ठाकूर महाविद्यालयातून नाहीतर आसपासच्या एखाद्या फार्मसी कॉलेजातून पदवी घ्यायची आणि तळोजा, पाताळगंगा किंवा रसायनीकडे जाणारी कंपनीची बस पकडायची, ही इथली रुळलेली वाट. नेमकं काय काम करतोस असं घरच्यांनी विचारलं की उत्तर येतं, ‘एचपीएलसीवर असतो.’ विचारणाऱ्याला यातून काही कळत नाही आणि विषय तिथेच संपतो. फार तर एवढं समजतं, की एक यंत्र आहे, त्यात औषधाचा थेंब जातो आणि संगणकाच्या पडद्यावर सुळके उमटतात.

हे सुळके जिथे सर्वांत महत्त्वाचे ठरतात ती जागा फार लांब नाही. पनवेलहून हार्बरची गाडी धरली की खांदेश्वर, मानसरोवर आणि मग खारघर. तिथे टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन आणि उपचारांची संस्था आहे. तिथल्या किंवा अशाच कुठल्याही वॉर्डात सलाइनच्या नळीतून रुग्णाच्या शिरेत जे औषध उतरतं, त्याच्यावर कुणीतरी ‘हे अमुक तारखेपर्यंत चालेल’ असं लिहून दिलेलं असतं. ती तारीख अंदाजाने लिहिता येत नाही. साध्या तापाच्या गोळीत शेकडा दोन-तीन भाग खराब झाला तर ताप उतरायला थोडा वेळ लागेल. कर्करोगाच्या औषधाचं तसं नसतं. पेशी मारू शकेल इतकी मात्रा आणि माणसाला झेपेल इतकी मात्रा यांच्यात अंतर फार थोडं असतं. औषध कमी पडलं तर गाठ वाढत राहते, आणि औषध मोडून भलतंच काही तयार झालं असेल तर त्याचा त्रास शरीर वेगळा सोसतं.

औषध ‘मोडतं’ म्हणजे काय होतं, हे कळायला एकाच औषधाची गोष्ट पुरेशी आहे. ती नंदुरबारच्या एका माणसापासून सुरू होते.

मनसुखलाल वाणी यांचा जन्म १९२५ साली नंदुरबारला झाला. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. झाले आणि १९६२ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करू लागले. वनस्पतींमधून कर्करोगावरची रसायनं शोधण्याची मोठी मोहीम त्या काळात अमेरिकन सरकारने चालवली होती. वॉल यांच्याकडे एका चिनी झाडाचा अर्क होता आणि तो उंदरांमधल्या रक्ताच्या कर्करोगावर चांगला चालत होता. त्या अर्कातला नेमका रेणू वेगळा काढून त्याची रचना या दोघांनी १९६६ साली प्रसिद्ध केली. त्या रेणूचं नाव कॅम्प्टोथेसिन. पुढे १९७१ साली त्याच जोडीने टॅक्सॉलची रचना मांडली. कर्करोगावरच्या दोन प्रमुख औषध-घराण्यांचे मूळपुरुष एकाच प्रयोगशाळेत सापडले, आणि त्यातला एक शोधक खानदेशचा होता. वाणी २०२० साली, पंच्याण्णव वर्षांचे होऊन वारले. नंदुरबारमध्ये किती जणांना हे नाव ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

कॅम्प्टोथेसिनचा महाराष्ट्राशी संबंध एवढ्यावर संपत नाही. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी हाच रेणू आपल्याकडच्या एका झुडपातही असल्याचं दाखवलं. हे झुडूप म्हणजे सह्याद्रीतला नरक्या. फुलांच्या उग्र दुर्गंधीमुळे त्याच्या वाटेला पूर्वी कुणी जात नसे. कॅम्प्टोथेसिनला बाजार आला तशी सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि साताऱ्याच्या जंगलांतून नरक्याची खोडं तुटू लागली, पोत्यांत भरून बाहेर जाऊ लागली, आणि वन विभागाने नरक्याचा ट्रक पकडल्याच्या बातम्या स्थानिक पेपरांत नेहमीच्या झाल्या. वाळलेल्या लाकडात हा रेणू शेकडा अर्ध्या भागाहूनही कमी असतो. तेवढ्यासाठी झाड मुळासकट जातं.

आता रेणूकडे वळू. कॅम्प्टोथेसिनमध्ये पाच वलयं एकमेकांना चिकटलेली आहेत. पहिली चार सपाट आणि भक्कम आहेत. पाचवं, टोकाचं वलय नाजूक आहे. रसायनशास्त्रात त्याला लॅक्टोन म्हणतात. हे वलय बंद असतं तोवर औषध काम करतं. पेशी दुभंगताना डीएनएचा पीळ सोडवणारं टोपोआयसोमेरेज-१ नावाचं एक विकर असतं, ते डीएनएला बारीक चीर देतं, पीळ मोकळा करतं आणि चीर पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या चिरेत जाऊन अडकतं आणि ती जोडू देत नाही. भराभर वाढणाऱ्या पेशीचा त्यात जीव जातो. हे सगळं १९८५ मध्ये कळलं.

पण पाण्याचा रेणू येऊन पाचव्या वलयावर आदळला की ते उघडतं. उघडलेल्या रेणूचं वजन पाण्याच्या एका रेणूइतकं, म्हणजे अठरा एककांनी, वाढतं. बाकी सगळं तसंच राहतं, तरी औषधाचं काम जवळपास थांबतं. हा बदल पीएचवर अवलंबून असतो. आम्लात वलय बंद राहतं, पीएच चढत गेला की उघडू लागतं. माणसाच्या रक्ताचा पीएच ७.४ असतो. त्या पीएचच्या साध्या द्रावणात, शरीराच्या तापमानाला, निम्म्या रेणूंची वलयं अर्ध्या तासाच्या आत उघडतात.

गंमत म्हणजे, हे वलय एकदा मुद्दाम उघडून औषध रुग्णांना दिलं गेलं होतं. बंद वलयाचं कॅम्प्टोथेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे शिरेत द्यायचं कसं, हा प्रश्न होता. सोडियमचं अल्कली घालून वलय उघडलं की क्षार तयार होतो आणि तो छान विरघळतो. १९७० च्या सुमारास अमेरिकेत या सोडियम क्षारावर चाचण्या झाल्या. उंदरांमध्ये दिसलेला गुण माणसात दिसला नाही. उलट अनेक रुग्णांच्या मूत्राशयाला भयंकर दाह झाला, लघवीतून रक्त गेलं, आणि चाचण्या बंद करण्यात आल्या. कारण नंतर उमगलं. रक्तात हा क्षार निष्क्रिय फिरत राहायचा. शरीराबाहेर पडता पडता तो आम्लधर्मी मूत्रात यायचा, तिथे त्याचं वलय पुन्हा मिटायचं, आणि औषध जिवंत व्हायचं ते नेमकं मूत्राशयात. उंदरांनी फसवलं त्यालाही कारण होतं. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उघड्या रूपाला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे समतोल उघड्या बाजूला ढळतो आणि शेवटी शेकडा एक भागही बंद रूपात उरत नाही. उंदराचं अल्ब्युमिन तितकं चिकट नाही.

एक चांगला रेणू त्या चाचण्यांनंतर दशकभराहून जास्त काळ कपाटात पडून राहिला. सगळा घोटाळा एका वलयाचा होता. म्हणूनच या घराण्याच्या औषधाबाबत ‘कुपीत किती मिलिग्रॅम आहे’ हा प्रश्न मला अर्धवट वाटतो. किती मिलिग्रॅम बंद आहे, हे विचारायला हवं.

आणि इथेच मोजणाऱ्याची पंचाईत होते. औषध मोजायची सर्वांत सोपी रीत म्हणजे त्याचं द्रावण करायचं, त्यातून विशिष्ट तरंगलांबीचा अतिनील प्रकाश सोडायचा आणि किती प्रकाश शोषला गेला ते पाहायचं. बी.एस्सी.च्या पोरांना स्पेक्ट्रोफोटोमीटरवर हेच शिकवतात. पण कॅम्प्टोथेसिनमध्ये प्रकाश शोषण्याचं काम मुख्यतः दुसऱ्या टोकाची सपाट वलयं करतात. पाचवं वलय उघडं असो की बंद, शोषणाचा आलेख जवळपास तोच येतो. म्हणजे औषध पुरतं निकामी झालं तरी स्पेक्ट्रोफोटोमीटर शंभर टक्के दाखवत राहील. आकडा खोटा नसतो, प्रश्न चुकीचा असतो.

म्हणून आधी वेगळं करायचं आणि मग मोजायचं. या वेगळं करण्यालाच क्रोमॅटोग्राफी म्हणतात. शाळेत खडूच्या टोकाशी शाईचा ठिपका देऊन तो खडू पाण्यात उभा केला असेल तर ती तुम्हीही केली आहे. पाणी वर चढतं आणि काळ्या शाईतून निळा, जांभळा असे पट्टे सुटे होतात. मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वॉर्सामध्ये असंच काहीसं केलं होतं. काचेच्या नळीत खडूची बारीक पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ठासून भरायची, वरून पानांचा अर्क ओतायचा, आणि हिरव्या-पिवळ्या रंगद्रव्यांचे पट्टे वेगळे होताना बघायचे. (शाळेतला खडू बहुधा जिप्समचा असतो, पण ते जाऊ द्या.) त्याच्या हयातीत याला फारसं कुणी विचारलं नाही. पुढे इंग्लंडमध्ये मार्टिन आणि सिंज यांनी १९४१ साली या कल्पनेला नवं रूप दिलं आणि १९५२ चं नोबेल मिळवलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पंपाने प्रचंड दाब देऊन द्रव अगदी बारीक भुकटीतून ढकलण्याचं तंत्र जमलं, आणि आजचं एचपीएलसी जन्माला आलं.

या यंत्राचं हृदय म्हणजे ‘कॉलम’. पोलादाची, वीतभर लांब, आतून जेमतेम साडेचार मिलिमीटर रुंद नळी. तिच्यात सिलिकाचे पाच मायक्रॉनचे कण ठासलेले असतात आणि प्रत्येक कणावर अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्यांची लव असते. म्हणून त्याचं नाव सी-१८. या नळीतून पंप एक मिश्रण सतत ढकलत असतो, बहुतेक वेळा पाण्यात कालवलेलं बफर आणि त्यात अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा मेथेनॉल. त्याला सगळे ‘मोबाइल फेज’च म्हणतात. या वाहत्या द्रवात औषधाच्या द्रावणाचे वीसेक मायक्रोलिटर सोडले की सगळे रेणू एकदम निघतात, पण एकदम पोचत नाहीत. पनवेलच्या जुन्या बाजारपेठेतून दोघे एकाच वेळी निघाले आणि एकाची दुकानदारांशी ओळखच नसली, दुसरा मात्र दर दुकानाशी थांबून बोलत राहिला, तर स्टेशनावर आधी कोण पोचेल हे सांगायला नको. तेलकट स्वभावाचे रेणू त्या लवेशी थबकत थबकत येतात, पाण्याची ओढ असलेले सरळ निघून जातात. दुसऱ्या टोकाला डिटेक्टर बसलेला असतो. त्याच्या समोरून रेणूंचा एकेक जथा गेला की पडद्यावर एकेक सुळका उठतो. या सुळक्याला लॅबमध्ये ‘पीक’ म्हणतात. तो किती मिनिटांनी आला यावरून कोण आला ते कळतं, आणि त्याखालच्या क्षेत्रफळावरून किती आला ते.

अ‍ॅसिटोनायट्राइलची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते सहसा मुद्दाम बनवलं जात नाही. अ‍ॅक्रिलिक धागा आणि प्लास्टिकसाठी अ‍ॅक्रिलोनायट्राइल बनवताना ते जोडीला निघतं. २००८ मध्ये मंदी आली, मोटारी आणि त्यांतल्या प्लास्टिकची मागणी घसरली, आणि जगभरच्या औषध प्रयोगशाळांना अ‍ॅसिटोनायट्राइल मिळेनासं झालं. औषधं तयार होती, पण तपासायला द्रव नव्हता.

कॅम्प्टोथेसिनच्या बाबतीत कॉलममध्ये काय होतं? उघडं रूप विद्युतभारित असतं, पाण्याशी त्याची मैत्री असते, ते लवकर निघून येतं. बंद रूप तेलकट, ते मागाहून येतं. दोन पीक, मध्ये स्वच्छ सपाट जागा. उघडं रूप फारच घाईने, द्रावकाच्या पहिल्या लाटेबरोबर निसटू नये म्हणून मोबाइल फेजमध्ये त्याच्याशी जोडी जमवणारा एक क्षार घालतात, म्हणजे त्यालाही थोडा वेळ थांबावं लागतं. शिवाय हे रेणू अतिनील प्रकाशात निळसर चमकतात, त्यामुळे ही चमक मोजणारा डिटेक्टर लावला की नॅनोग्रॅमच्या पातळीवरचं औषधही दिसतं.

इतकं जमलं तरी एक सापळा उरतोच. समजा, विश्लेषकाने नमुना विरघळवायला आम्ल वापरलं आणि कुपी यंत्राशेजारी थोडा वेळ तशीच ठेवली. आम्लात उघडी वलयं पुन्हा मिटतात. निकाल येईल शंभर टक्के बंद. म्हणजे खराब झालेलं औषध तपासणीच्या टेबलावरच दुरुस्त होऊन गेलं आणि तक्रारीला जागा राहिली नाही. याच गुणाचा उपयोग संशोधक हुशारीने करून घेतात. रक्ताच्या नमुन्याचे दोन भाग करायचे. एकात आम्ल घालायचं, सगळं बंद करून एकूण औषध मोजायचं. दुसरा लगेच बर्फासारख्या थंड मेथेनॉलमध्ये घालून आहे त्या स्थितीत गोठवल्यासारखा करायचा आणि तातडीने कॉलमवर सोडायचा. दोन्ही आकड्यांच्या गुणोत्तरावरून खरी परिस्थिती कळते. पण हे ज्याला ठाऊक नाही, तो नियमावलीतली प्रत्येक पायरी पाळूनही साफ चुकीचा अहवाल देऊ शकतो.

म्हणून औषध टिकतं की नाही हे दाखवणारी पद्धत ठरवताना आधी औषध मुद्दाम मोडायचं असतं. आपल्या फार्मसी कॉलेजांत एम.फार्म.चे असंख्य प्रबंध याच विषयावर होतात. एखाद्या कंपनीकडून कर्करोगाच्या औषधाची थोडी पूड मिळवायची, तिला ‘गिफ्ट सॅम्पल’ म्हणतात आणि प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्या कंपनीचे आभार न चुकता येतात. मग पाच वेगवेगळ्या भांड्यांत तिचे पाच प्रकारे हाल करायचे. हायड्रोक्लोरिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, तीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ओव्हनची उष्णता आणि प्रकाश. औषध शेकडा पाच ते वीस भाग मोडावं अशी अपेक्षा असते. त्याहून कमी मोडलं तर काही शिकायला मिळत नाही, फार मोडलं तर तुकड्यांचेही तुकडे होतात आणि त्यांचा खऱ्या आयुष्याशी संबंध राहत नाही. मग हे पाचही नमुने कॉलमवर सोडायचे आणि औषधाचा पीक बाकीच्या सगळ्यांपासून स्पष्ट वेगळा उभा राहतो का ते पाहायचं. राहिला, तर ही पद्धत स्थैर्य दाखवणारी ठरते.

इथे मला थोडं कठोर बोलायचं आहे. असे प्रबंध आणि त्यांतून निघालेले शोधनिबंध पुष्कळ वाचले की बरेचसे एकाच साच्यातले वाटतात. औषधाचं नाव बदललेलं असतं, बाकी सी-१८ कॉलम, मेथेनॉल, बफर आणि शेवटी ‘पद्धत साधी, अचूक आणि पुनरावृत्तीक्षम आहे’ हे वाक्य तेच असतं. औषधाचा पीक पंधरा टक्क्यांनी घटलेला दिसतो, पण नवे पीक शोधायला गेलं तर जेमतेम चार टक्क्यांचे. मग उरलेले अकरा टक्के गेले कुठे? कदाचित तो तुकडा निवडलेल्या तरंगलांबीला प्रकाश शोषतच नाही. कदाचित तो कॉलमलाच चिकटून बसला आहे. कदाचित तो औषधाच्या पीकखालीच दडला आहे, आणि हीच खरी धास्ती. जमाखर्चाचा हा मेळ बसतो का हे बघणं हाच त्या सगळ्या कामाचा गाभा आहे, आणि नेमका तोच तक्ता पुष्कळ ठिकाणी नसतो. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. एका यंत्रावर दहा जणांचे नंबर लागलेले असतात, सेमिस्टर संपत आलेलं असतं, आणि तुकड्यांची ओळख पटवायला लागणारं मास स्पेक्ट्रोमीटर फार थोड्या कॉलेजांच्या आवाक्यात असतं. आणखी एक गोष्ट मात्र सगळीकडे पाळली गेली पाहिजे. ही पूड पेशी मारणारी आहे. हातमोजे, मुखपट्टी आणि हवा ओढून घेणारं कपाट यांच्याशिवाय तिचं वजन करू नये, आणि कॉलममधून निघालेलं पाणी बेसिनमध्ये ओतू नये. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं केंद्र तळोज्यातच आहे.

कारखान्यात याचीच सावकाश आवृत्ती चालते. अमेरिका, युरोप आणि जपान यांच्या औषध नियंत्रकांनी आणि उद्योगांनी १९९० साली एकत्र येऊन जो मंच उभारला, त्याच्या नियमांना सगळे ‘आयसीएच’ म्हणून ओळखतात. त्यानुसार विक्रीच्या वेष्टनातलं औषध दमट कपाटांत ठेवतात. एका कपाटात ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता, सहा महिने. ही घाईची परीक्षा. तापमान दहा अंशांनी वाढलं की रासायनिक मोडतोडीचा वेग ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो, या अनुभवाचा तो आधार. दुसऱ्या कपाटात ज्या हवामानात औषध विकलं जाणार तशी हवा. उष्ण आणि अतिदमट प्रदेशांच्या ‘चौथा-ब’ या विभागासाठी ३० अंश आणि ७५ टक्के. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा नमुना बाहेर काढून एचपीएलसीवर चढवायचा. सुरुवातीच्या मोजणीपासून पाच टक्क्यांचा फरक पडला तर तो ‘लक्षणीय बदल’. प्रकाशाची परीक्षा वेगळी, किमान बारा लाख लक्स-तास. क्यूसीतला मुलगा रविवारीही कामावर जातो तो पुष्कळदा यासाठी, कारण कपाटातून नमुना काढायची तारीख सुट्टी बघत नाही.

या कपाटातलं हवामान यंत्राने बनवलेलं असतं, तरी पनवेलकराला ते ओळखीचं वाटेल. मे महिन्यातली बंद घरातली उष्णता आणि जुलैतली भिंतीला ओल आणणारी हवा एकत्र केली की जवळपास तेच. कर्करोगाच्या ज्या गोळ्या घरी घ्यायच्या असतात, उदाहरणार्थ कॅपेसिटाबिन, त्या पट्टीतून काढून प्लास्टिकच्या डबीत भरून ठेवायची सवय आपल्याकडे आहे. डबी फ्रिजवर किंवा ओट्याजवळ. कपाटातली सगळी परीक्षा मूळ वेष्टनासकट झालेली असते. वेष्टन काढलं की खोक्यावरची तारीख त्या गोळीला लागू राहत नाही.

कॅम्प्टोथेसिनची गोष्ट अर्धवट राहिली. विकराचा उलगडा झाल्यावर रसायनशास्त्रज्ञ पुन्हा त्या रेणूकडे वळले आणि वलय न उघडता तो विरघळवायची युक्ती शोधू लागले. दुसऱ्या टोकाला अमाइनचा गट जोडला की रेणू आम्लात क्षार बनवतो आणि बंद वलयासकट विरघळतो. अशी दोन औषधं आली. टोपोटिकॅन आणि इरिनोटिकॅन. इरिनोटिकॅन घडवण्यात जपानच्या याकुल्त कंपनीचा मोठा हात होता. छोट्या बाटलीतल्या आंबट-गोड दुधाळ पेयावर जे नाव वाचतो, तीच ही कंपनी. १९९४ साली जपानमध्ये आणि १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आणि आतड्याच्या कर्करोगावर ते आज नित्याचं औषध आहे.

त्याची कुपी पाहिली तर वरची सगळी गोष्ट तिच्यात दिसते. आतल्या द्रावणाचा पीएच साडेतीनच्या आसपास ठेवलेला असतो, वलय बंद राहावं म्हणून. कुपी तपकिरी काचेची आणि खोक्यातच ठेवायची, कारण प्रकाशाने रेणू दुसऱ्याच तऱ्हेने मोडतो. रुग्णाला देताना ते बहुतेक वेळा ग्लुकोजच्या, म्हणजे डेक्स्ट्रोजच्या बाटलीत मिसळतात. डेक्स्ट्रोजचं द्रावण किंचित आम्लधर्मी असतं. साध्या सलाइनमध्ये मिसळलं तरी चालतं, पण ती बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही, कारण क्वचित त्यात कण दिसतात. डेक्स्ट्रोजमधलं मिश्रण प्रकाशापासून झाकून फ्रिजमध्ये दोन दिवसांपर्यंत टिकतं. वॉर्डातल्या नर्सताई बाटलीवर काळी पिशवी चढवतात आणि वेळ लिहितात, तेव्हा नातेवाइकांना ती हॉस्पिटलची रीत वाटते. ती पिशवी आणि ती वेळ, दोन्ही कुठल्या तरी कॉलममधून आलेल्या आहेत.

प्रत्येक औषधाची खोड वेगळी असते, आणि एका औषधाचा नियम दुसऱ्याला लावला तर अनर्थ होतो. सिस्प्लॅटिनला क्लोराइड लागतं, म्हणून ते सलाइनमध्येच द्यायचं. फ्रिजमध्ये ठेवलं तर त्याचे स्फटिक बसतात, आणि त्याला अ‍ॅल्युमिनियमची सुई चालत नाही. त्याचंच नात्यातलं ऑक्झालिप्लॅटिन मात्र सलाइनमध्ये कधीच नाही, फक्त डेक्स्ट्रोजमध्ये. अ‍ॅझासिटिडिन तर पाणी लागताच मोडू लागतं, त्यामुळे ते कोरड्या पुडीच्या रूपात येतं आणि कालवल्यावर घड्याळाकडे बघून द्यावं लागतं.

वाणी आणि वॉल यांच्या दुसऱ्या रेणूची, टॅक्सॉलची, खोड सर्वांत फसवी आहे. अल्कलीच्या सान्निध्यात त्याच्या सातव्या कार्बनवरचा एक गट फक्त बाजू बदलतो. काही जोडलं जात नाही, काही तुटत नाही. रेणूचं सूत्र तेच राहतं, वजनही तेच. त्यामुळे इथे स्पेक्ट्रोफोटोमीटर तर आंधळा ठरतोच, पण केवळ वजनावरून रेणू ओळखणारं महागडं मास स्पेक्ट्रोमीटरही दोघांत फरक करू शकत नाही. सी-१८ ची लव मात्र करते. बाजू बदललेला रेणू तिच्याशी जरा जास्त रेंगाळतो आणि मूळ टॅक्सॉलनंतर काही मिनिटांनी, वेगळा पीक होऊन बाहेर येतो. औषधसंहितांमध्ये टॅक्सॉलच्या पानावर या एका पीकसाठी स्वतंत्र मर्यादा लिहिलेली असते.